निर्णयाआधी मडके वाजवून पाहावे

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबा काकांचे हे गाव. तिथली एक कथा मराठवाड्यातल्या बहुतेकांनी लहानपणी कीर्तनात ऐकलेली असते. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यात ठेवलेले थापटणे पाहिले आणि हे कशासाठी असते म्हणून विचारले. मडके कच्चे आहे की पक्के, हे यावर कळते, असे गोरोबांनी सांगितल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या की आम्हीही मडकीच आहोत, आम्हालाही वाजवून पाहा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र तो मार लागला, अपमान वाटला आणि ते चिडले. गोरोबांनी निवाडा दिला की एवढे एक मडके कच्चे राहिले आहे.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. मला मात्र ती गेली तीस वर्षे एका अगदी व्यावहारिक कामासाठी उपयोगी पडत आली आहे. मनात एखादी गोष्ट करण्याची प्रबळ इच्छा उसळते. कधी ती नोकरी सोडण्याची असते, कधी भावकीतल्या बांधाच्या वादात कोर्टाची पायरी चढण्याची, कधी असलेली जमीन विकून धंद्यात उतरण्याची, तर कधी गावातल्या अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची. अशा वेळी ती इच्छा पक्की भाजलेली आहे की कच्ची आहे हे कसे ओळखावे, आणि पक्की असल्याची खात्री झाल्यावर अंगातली भीती ओलांडून पाऊल कसे टाकावे, याची रीत मी या लेखात मांडत आहे. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळामास्तर म्हणून काढलेल्या वर्षांत, विद्यार्थ्यांच्या, त्यांच्या आईवडिलांच्या आणि स्वतःच्या निर्णयांकडे पाहत ती हळूहळू तयार झाली आहे.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागते. मराठीत आपण घाबरलेल्या माणसाला ‘धीर धर’ म्हणतो आणि उतावीळ झालेल्या माणसालाही ‘जरा धीर धर’ असेच म्हणतो. एकाला आपण निर्भय हो असे सांगत असतो, दुसऱ्याला थांब असे सांगत असतो, आणि दोघांसाठी शब्द एकच वापरतो. आपल्या पूर्वजांनी हे दोन गुण एकाच शब्दात ठेवले, यामागे मोठे निरीक्षण असले पाहिजे असे मला वाटते. जो थांबू शकत नाही त्याचे धाडस बहुधा भीतीतूनच आलेले असते, कारण मनातली अस्वस्थता सहन होत नाही म्हणून तो काहीतरी करून मोकळा होऊ पाहतो. आमच्याकडे बोलताना ‘दमानं घ्या’ म्हणतात, आणि त्यातला ‘दम’ म्हणजे श्वासही असतो, सबुरीही असते आणि ताकदही असते.

भावनेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी

पहिले काम वहीत करायचे आहे. शाळेची दोनशे पानी साधी वही पुरते. ज्या दिवशी मन पेटले असेल त्याच दिवशी तारीख घालून एकच वाक्य लिहावे: मला अमुक करावेसे वाटते, कारण अमुक. या वाक्यातला ‘कारण’ नंतरचा भाग लिहायला जड जातो, आणि तो जड जातो म्हणूनच लिहायचा असतो.

तो लिहिताना ‘राग आला’ एवढ्यावर समाधान मानू नये. रागाच्या कुळात पुष्कळ भावंडे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. चीड येते ती बहुधा एखाद्या चुकीच्या गोष्टीची येते आणि ती बराच काळ टिकते. संताप उसळतो आणि ओसरतो. खुन्नस माणसाविषयी असते, तिला गोष्टीशी काही देणेघेणे नसते. आणि ‘ईर’ नावाची जी गोष्ट आमच्याकडे आहे, जिच्यामुळे माणूस ‘इरेला पेटतो’, तिच्यात तर मूळ हेतूच विसरला जातो आणि फक्त समोरच्यापुढे हार न जाणे एवढेच उरते. इच्छेच्या बाबतीतही तसेच आहे. हौस निराळी, ओढ निराळी, ध्यास निराळा. हौस सणासारखी असते, ती साजरी केली की भागते, तर ध्यास लागलेल्या माणसाला सण आणि कामाचा दिवस यांत फरकच उरत नाही.

माझे एक सहकारी शिक्षक निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची म्हणून हटून बसले होते. गावाची सेवा करायची आहे असे ते सांगत. मी त्यांना वही दिली आणि कारण लिहायला सांगितले. दोन दिवसांनी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भावकीतल्या एका लग्नात मांडवात सगळ्यांना फेटे बांधले गेले आणि यांचे नाव पुकारायचे राहून गेले होते, आणि ज्याने ते पुकारले नाही तोच माणूस त्या वॉर्डातून उभा राहणार होता. लिहायला बसेपर्यंत त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. त्या वेळी ते उभे राहिले नाहीत. पाच वर्षांनी शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याचा प्रश्न घेऊन उभे राहिले आणि थोड्या मतांनी हरले, पण त्या पराभवाची कडवट चव त्यांच्या तोंडी मला कधी जाणवली नाही. रस्त्यासाठीचा पाठपुरावा ते आजही करतात.

मानापमानाची ही इच्छा लाजिरवाणी आहे असे मी म्हणत नाही. माणसाच्या स्वभावात ती खोलवर आहे, आणि आपल्यात ती नाहीच असे मानणारा माणूस सर्वांत लवकर तिच्या आहारी जातो. तिला नाव दिले की तिचा जोर थोडा कमी होतो, आणि आपल्याला एवढेच हवे असते.

थांबायचे केव्हा आणि थांबायचे नाही केव्हा

सबुरीचा उपदेश करणारे लोक इथे एक चूक करतात. त्यांच्या मते प्रत्येक वेळी थांबणे म्हणजेच शहाणपण. मला हे पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगायला मला पैठणला जावे लागते.

संत एकनाथांविषयी दोन कथा सर्वांना ठाऊक आहेत. पहिलीत नाथ गोदावरीवर स्नान करून परतत असताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ काही न बोलता पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, ते पुन्हा जातात, आणि असे एकशे आठ वेळा घडते. शेवटी थुंकणाराच खजील होतो. दुसऱ्या कथेत नाथ काशीहून गंगेच्या पाण्याची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेले असतात. एवढ्या लांबून, एवढ्या कष्टाने आणलेले ते पाणी देवाच्या अभिषेकासाठी असते. वाटेत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसते आणि नाथ क्षणाचाही विचार न करता ती कावड त्याच्या तोंडात रिती करतात.

या दोन्ही कथा मी वेगवेगळ्या ऐकत आलो होतो. एका नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात दिंड्यांची गर्दी पाहत बसलो असताना त्या दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे प्रथमच नीट लक्षात आले. एकीकडे अमर्याद सबुरी आणि दुसरीकडे तत्काळ कृती. फरक एवढाच की पहिल्या कथेत घाव स्वतःच्या अंगावर होता आणि दुसऱ्या कथेत तहान दुसऱ्याची होती. तेव्हापासून मी वहीतल्या त्या वाक्याखाली दुसरा प्रश्न लिहू लागलो: यात दुखते आहे ते कोणाचे?

उत्तर ‘माझा मान’ असे असेल, तर उशीर करावा. किमान एक अमावास्या आणि एक पौर्णिमा मध्ये जाऊ द्यावी, कारण तेवढ्या दिवसांत संताप ओसरतो आणि खरी चीड शिल्लक राहते. उत्तर ‘समोरच्याचा जीव’ असे असेल, तर वही मिटावी आणि उठावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली तेव्हा आदल्याच रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे काही क्षणांत खाली आली आणि हजारो माणसे गेली. सकाळी आम्ही शेजारच्या गावांतून तिथे पोहोचलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी वाचलेली माणसे हातांनी माती उपसत होती. ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नव्हते त्याच्या घराची माती उपसणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. त्याला कुणी विवेक शिकवला नव्हता, आणि त्या वेळी विचार करत बसला असता तर तो विवेक ठरलाही नसता.

अडचण मधल्या प्रसंगांची असते, जिथे आपला मान आणि दुसऱ्याचे दुःख एकमेकांत गुंतलेले असतात. दारूच्या गुत्त्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बाईच्या मनात स्वतःच्या संसाराची राख झाल्याचा संतापही असतो आणि शेजारणीच्या पोरांविषयी कळवळाही असतो. अशा वेळी दोन्ही गोष्टी कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात आणि कृती ठरवताना दुसऱ्या रकान्यावरून ठरवावी. संताप त्या कृतीला बळ देईलच, पण दिशा मात्र त्याच्या हाती देऊ नये.

मर्यादा आधी लिहून ठेवावी

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण मराठवाड्यात घरेच्या घरे याच ठिकाणी बुडालेली मी पाहिली आहेत.

2013 च्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याची मोसंबीची बाग वाळत होती. जालना जिल्ह्यात त्या वर्षी अनेकांच्या बागा गेल्या. मोसंबीचे झाड लावल्यापासून फळ धरेपर्यंत चार-पाच वर्षे पोटच्या लेकरासारखे वाढवावे लागते, त्यामुळे ते डोळ्यांदेखत वाळताना पाहणे काय असते हे ज्याने पाहिले त्यालाच कळते. मेहुण्याने पाणाड्याला बोलावले, त्याने हातावर नारळ ठेवून जागा दाखवली आणि बोअरची गाडी आली. साडेतीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. दुसरी जागा पाहिली आणि पाचशे फूट गेले, तिथेही तेच. तिसऱ्या बोअरच्या रात्री मी तिथे होतो. यंत्राच्या आवाजात, पांढऱ्या धुळीत, आम्ही सगळे त्या छिद्राकडे डोळे लावून बसलो होतो, आणि चालक थांबवू का म्हणून विचारत असताना ‘अजून दोन रॉड टाका’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या रात्रीनंतर दोन म्हशी विकाव्या लागल्या. बाग वाचली नाही.

आपल्या भागातला खडक काळा पाषाण आहे. पाणी साठते ते बहुतांशी वरच्या मुरमात आणि वरच्या थरांतल्या फटींमध्ये. खाली अखंड कातळ लागला की खोली वाढवून पाण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढत नाही, खर्च मात्र प्रत्येक फुटाला वाढत जातो. ही गोष्ट मेहुण्याला ठाऊक होती आणि मला तर ती वर्गात शिकवावी लागे. तरीही त्या रात्री ती आमच्या कामी आली नाही. माहिती नसल्यामुळे माणूस चुकतो हे अर्धेच खरे आहे. गमावलेले जितके जास्त, तितके पुढचे पाऊल स्वस्त वाटू लागते, आणि आता थांबलो तर आधीचे सगळे वाया गेले असे कबूल करावे लागेल या भीतीने माणूस पुढे ढकलला जातो. बाहेरून ते धाडस दिसते. आत ती थांबण्याची भीती असते.

म्हणून कोणत्याही जोखमीच्या कामात उतरण्याआधी, डोके थंड असताना, तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती पैसे, किती दिवस आणि कोणती खूण दिसली की थांबायचे. बोअर असेल तर फूट लिहावेत, धंदा असेल तर भांडवलाचा आकडा आणि महिना लिहावा, स्पर्धा परीक्षा असेल तर प्रयत्नांची संख्या लिहावी. हा कागद घरातल्या अशा माणसाकडे ठेवायला द्यावा जे आपल्याला अडवू शकते. मेहुण्याच्या घरी ते माणूस म्हणजे माझी बहीण होती. त्या रात्री ती स्वयंपाकघरात होती आणि तिला कुणी विचारले नव्हते. पुढे त्या घरातला असा प्रत्येक कागद तिच्या डब्यात राहू लागला आणि शेततळ्याच्या खर्चाच्या वेळी तिने तो एकदा बाहेर काढलाही.

मर्यादा आखल्याने हुरूप कमी होतो अशी तक्रार तरुण मुले करतात. माझा अनुभव उलट आहे. कुठवर जायचे हे ठरलेले असले की तिथवर माणूस जीव ओतून जातो, कारण मागे वळून पाहण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही.

थापटणे कोणाच्या हाती द्यावे

आता गोरोबांच्या कथेकडे परत यावे लागेल. आपले मडके आपल्यालाच नीट वाजवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो कोणाचा असावा हे नीट ठरवावे लागते.

मी तीन माणसांचा नियम पाळतो. एक जण असा असावा ज्याला या निर्णयातून काहीच मिळणार नाही आणि काही गमवायचेही नाही. दुसरे माणूस असे असावे ज्याला निर्णय चुकला तर त्याची झळ आपल्याइतकीच सोसावी लागेल, आणि बहुतेक घरांत ती बायको असते किंवा म्हातारी आई असते. तिसरा असा असावा ज्याने हेच काम पूर्वी केले आहे, मग त्यात तो यशस्वी झालेला असो वा नसो. माझ्या मते अपयशी झालेला जास्त उपयोगी पडतो, कारण तो तपशिलात बोलतो. पारावरच्या दहा जणांना विचारण्यात काही अर्थ नसतो, कारण तिथे प्रत्येक जण आपल्याला आवडेल ते बोलतो किंवा स्वतःला शोभेल ते बोलतो.

त्यांच्याकडे गेल्यावर ‘हे करू का’ असे विचारू नये. ‘यात काय चुकू शकते’ असे विचारावे आणि ते बोलत असताना उत्तर न देता ऐकावे. खरी परीक्षा इथेच होते. नामदेव कच्चे ठरले ते थापटण्यामुळे ठरले नाहीत, थापटण्यावर त्यांच्या मनातून जो आवाज उमटला त्यामुळे ठरले. एखाद्याने शंका काढली आणि आपल्याला ती तपासावीशी वाटली, तर मडके भाजत आले आहे असे समजावे. शंका ऐकताच छातीत कळ उठली, बोलणाऱ्याच्या हेतूविषयी संशय आला, याला माझे चांगले पाहवत नाही असे वाटले, तर ते अजून आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, ठेवावे लागेल. असे मडके फेकून द्यायचे नसते. तेच नामदेव पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, आणि नंतर पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. नरसीच्या या माणसाचे नाव तिकडे आजही किती आदराने घेतात हे नांदेडला येणाऱ्या शीख यात्रेकरूंना विचारून पाहावे.

सल्ला ऐकूनही आपला निर्णय कायम राहू शकतो, आणि तो राहावाही. तिघांनी नको म्हटले म्हणून सोडून द्यावे असा हा नियम नाही. तिघांचे ऐकून घेतल्यावरही ज्याचा आवाज खणखणीत राहतो, त्याने खुशाल पुढे जावे.

भीती अंगातून काढण्याची रीत

निर्णय पक्का आहे, मर्यादा लिहिली आहे, माणसांना विचारून झाले आहे, आणि तरी पाय उचलत नाही, अशी अवस्था पुष्कळांची होते. भीती केवळ मनात असती तर समजूत घालून गेली असती. ती अंगात असते, म्हणून अंगानेच काढावी लागते.

भूकंपानंतर माझी आत्या छपराखाली झोपायला तयार नव्हती. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमधले दिवस संपले, पुनर्वसित गावात नवे घर मिळाले, ते भूकंपाचा विचार करून बांधले आहे हे तिला इंजिनियरने स्वतः येऊन समजावून सांगितले, आणि तिने मान डोलावून बाज अंगणातच टाकली. तिच्या मुलाने तिला कधी ओढून आत नेले नाही, आणि कायमचे बाहेरही झोपू दिले नाही. पावसाळ्यात बाज ओसरीवर आली. थंडीत ती दारापाशी आली, पण दार सताड उघडे ठेवायचे हे ठरलेले होते. मग नातू आजीजवळ झोपायचा हट्ट करू लागला आणि त्याला थंडी बाधेल म्हणून तिनेच एका रात्री दार लोटून घेतले. या सगळ्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. ‘बाज एक हात आत’ असे मी या रीतीला मनातल्या मनात नाव दिले आहे.

ती वापरायची ती अशी. ज्या गोष्टीची भीती वाटते तिचा सर्वांत लहान तुकडा शोधावा आणि तो आजच करावा. ग्रामसभेत बोलायची भीती वाटत असेल तर आधी एका सभेत नुसते पुढच्या रांगेत बसावे, पुढच्या सभेत एकच प्रश्न कागदावर लिहून वाचावा, आणि तिसऱ्या सभेत कागदाशिवाय बोलावे. तुकडा एवढा लहान असावा की तो न करण्याची लाज वाटावी. दोन तुकड्यांच्या मध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत, कारण भीती तेवढ्यात पुन्हा मूळ धरते. आणि शक्य असेल तर सोबतीला असे कुणी असावे ज्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. आत्याला आत आणले ते इंजिनियरने नव्हे, नातवाला वाजणाऱ्या थंडीने.

मोठ्या धैर्याच्या मागेही अशी लांबलचक तयारी असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण स्वामी रामानंद तीर्थांना ओळखतो, आणि निजामाच्या राजवटीत पुन्हा पुन्हा तुरुंगात जाणारा संन्यासी अशी त्यांची प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे असते. त्याआधीची वर्षे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवत होते. 1932 मध्ये त्यांनी संन्यास घेतला तरी शाळा सोडली नाही. 1938 च्या सत्याग्रहात ते उतरले तेव्हा खेड्यातले जगणे, अपुरी साधने, सरकारी नजर आणि स्वतःचा देह या सगळ्यांशी त्यांची ओळख झालेली होती. 17 सप्टेंबर 1948 हा दिवस उजाडायला त्यानंतरही दहा वर्षे गेली. एवढी वर्षे जो आवेश टिकतो तो आवेश राहिलेला नसतो, त्याचा स्वभाव झालेला असतो. दर वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यापुढे उभा राहिलो की मला त्या सत्याग्रहाइतकीच त्या शाळेतल्या फळ्यापुढच्या वर्षांची आठवण होते.

उसनी ओढ

लातुरात बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी थोडेसे. मुलाला डॉक्टर व्हायचे आहे की ते आपल्याला व्हायचे होते, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. खऱ्या ओढीचा माणूस त्या कामातला कंटाळवाणा भागही न सांगता करतो. तबल्याची खरी ओढ असलेला मुलगा एकच बोल तासभर वाजवतो, आणि नुसती हौस असलेला फक्त कार्यक्रमात वाजवू पाहतो. जीवशास्त्राच्या आकृत्या जो पोरगा सुट्टीतही काढत बसतो त्याच्यासाठी कर्ज काढायला हरकत नाही. जो फक्त पांढऱ्या कोटाविषयी बोलतो त्याच्याशी आधी निवांत, जेवताना, मार्कांचा विषय न काढता बोलावे.

ज्या रात्री वही उघडू नये

वर सांगितलेले सगळे बाजूला ठेवावे असाही एक प्रसंग असतो, आणि तो आपल्या भागात अनेक घरांनी पाहिला आहे. कर्ज, नापिकी, आजारपण, अपमान असे एकावर एक साचत जाऊन एखाद्या रात्री माणसाला सगळे संपवावेसे वाटते. त्या रात्री मन जे कारण लिहील ते अगदी बिनतोड वाटेल, म्हणून ते लिहू नये. त्या रात्री माणूस हवा. शेजाऱ्याचे दार वाजवावे, भावाला उठवावे, किंवा 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीत बोलता येते. आणि आपल्या घरातले माणूस अचानक फार शांत झाले, देण्याघेण्याचे हिशेब मिटवू लागले, तर त्याला एकटे सोडू नये, आणि थेट विचारावे की तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. तो बोलता आल्याने माणूस मोकळा होतो. फवारणीचे औषध घरात ठेवू नये.

निर्णयाचा निकाल आणि निर्णयाची पारख

शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित असते. पिकाचा निकाल लागल्यावर निर्णय बरोबर होता की चूक हे आपण निकालावरून ठरवतो आणि तिथे फसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आले म्हणून कुणी धूळपेरणी करतो. पुढे वेळेवर पाऊस लागला तर गाव त्याला हुशार म्हणते, आणि पावसाने दडी मारून दुबार पेरणीची वेळ आली तर तेच गाव त्याला उतावळा ठरवते. पेरताना त्याच्याजवळ जी माहिती होती ती मात्र दोन्ही वेळा सारखीच असते. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. ज्याने हे ऐकून, जमिनीची ओल हाताने पाहून पेरले आणि तरी पुढे पावसाचा खंड पडून नुकसान झाले, त्याचा निर्णय चांगलाच होता. ज्याने शेजाऱ्याची तिफण चालू झाली म्हणून आपलीही जुंपली आणि योगायोगाने साधले, त्याचा निर्णय पीक आले तरी वाईटच होता, आणि कधीतरी पुढच्या हंगामात त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून वहीत निर्णयाच्या दिवशीची माहिती लिहिलेली असावी लागते. निकाल लागल्यावर आपली आठवण स्वतःच्या सोयीने बदलते, आणि मला आधीच वाटले होते असे आपण मनापासून म्हणू लागतो. लिहिलेले अक्षर तसे बदलत नाही.

आमच्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. सगळे गाव शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील असे जेवण होते आणि दुपारी हरभऱ्याच्या बांधाला माणसे आडवी होतात. त्या दुपारी मी गेल्या वर्षीची वही वाचतो. पेनाने लिहिलेल्या प्रत्येक निर्णयापुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो: भावनेचे नाव बरोबर दिले होते का, दुखत होते ते कोणाचे होते, आणि ठरवलेली मर्यादा पाळली का. निकाल काय लागला ते मी अगदी शेवटी लिहितो, आणि तोही एकाच ओळीत. गेल्या येळवशीला माझी बहीण जालन्याहून आली होती. तिने माझी जुनी वही मागून घेतली, 2013 चे पान काढले, ‘अजून दोन रॉड’ या शब्दांखाली बराच वेळ बोट ठेवून बसली, आणि मग आपल्या पिशवीतून एक कोरी वही काढून माझ्याकडे पेन मागितला.